नवव्या खोलीतला दिवा

१

मी जुन्या कॉम्प्युटर खेळांचे गुण-दोष लिहिते. माणसांचे लिहिलेस तर चार वाचक तरी मिळतील, असं आईचं म्हणणं. पाक्षिकात माझं अर्धं पान असतं. डावीकडे गुण, उजवीकडे दोष, खाली दहापैकी मार्क. पद्धत ठरलेली आहे. जेवणं झाली की दोन ते पाच खेळायचं, शेजारी वही उघडी ठेवायची आणि आठ दिवसांनी लेख पाठवायचा. संपादक सातव्या दिवशी फोन करतात आणि "आठवण नाही हो करून देत, सहज केला," म्हणतात.

या वेळी मी बाबांचा खेळ काढला. त्यांच्या ऑफिसात हातोहात फिरत आलेली फ्लॉपी, तिच्यावर बाबांच्या सुबक अक्षरातलं लेबल. बाबा नकाशे काढायचे, नळांचे आणि गटारांचे. शहराखालून काय कुठे वाहतं ते त्यांना पाठ होतं. त्या काळी हे खेळ असेच पसरायचे. पहिला भाग फुकट. स्वतः खेळा, मित्राला द्या, त्याने त्याच्या मित्राला द्यावा. आवडला तर करणाऱ्याला पत्र आणि पैसे पाठवायचे, मग तो पुढचे दोन भाग पोस्टाने धाडणार. बाबांनी ते पत्र कधी लिहिलं नाही. "आधी हा तरी नीट जमू दे. घाई कुणाला आहे?" असं म्हणायचे.

खेळ साधाच. एक बुटका रखवालदार, त्याला आम्ही घरात ठेंगूराव म्हणायचो. नऊ खोल्या. प्रत्येक खोलीत फळ्या, शिड्या, खड्डे आणि पाच-सहा दिवे. उड्या मारत सगळे दिवे मालवले की दार उघडतं आणि पुढची खोली येते. नववी झाली की पहिला भाग संपला.

२

गुण भरपूर आहेत आणि ते मी मनापासून लिहिले. दिवा मालवला की तेवढाच कोपरा काळोखात जातो. शेवटचा दिवा गेला की फक्त दाराची चौकट उरते. त्या काळच्या यंत्रावर एवढं करून दाखवणं खायचं काम नव्हतं. ठेंगूरावची चालही सुरेख आहे. तो थांबतो तेव्हा जागच्या जागी थांबत नाही, ओल्या फरशीवर घसरावं तसा किंचित पुढे सरकतो. त्याला वजन आहे असं वाटतं.

दोषांचीही कमी नाही. उडीचा आवाज इतका किरटा की मी तो पहिल्याच दिवशी बंद केला. ठेंगूराव फक्त दोन बाजूंनी काढलाय, डावीकडून आणि उजवीकडून. समोरून चित्रच नाही. नुसता उभा असला तरी भिंतीकडे बघत उभा. आठ-आठ दिवस सोबत काढायची आणि एकदाही आपल्याकडे बघायचं नाही, असला माणूसघाणा. मग तो नमुना. अर्धं मिनिट कळफलकाला हात लावला नाही, तर खेळ आपला आपण सुरू होतो, गिऱ्हाइकाला दाखवायला आधीच खेळून ठेवलेला. त्या नमुन्यात ठेंगूराव तिसऱ्या खोलीतल्या खड्ड्यात पडून मरतो! पुन्हा खेळून नवा नमुना भरायचे कष्टही घेतले नाहीत पठ्ठ्याने.

सगळ्यात मोठा दोष नवव्या खोलीत. तिथला शेवटचा दिवा इतका वर टांगलाय की उडी एका ठिपक्याने कमी पडते. मी मोजलंय. म्हणजे हा भाग कुणालाच पुरा करता येत नाही. बाबा वीस वर्षं जेवणाच्या सुटीत त्या दिव्याखाली उड्या मारत होते. "नकाशा चुकलाय याचा," असं घरी येऊन सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

बाबा आता शेजारच्या खोलीत असतात. सात महिने झाले. झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. खिडकीकडे तोंड करून पडून असतात. त्यांना कितपत समजतं हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

३

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा टाकायला उठले. आई बाबांच्या खोलीत डुलकी काढत होती. घर अगदी निवांत, पडद्यातून पिवळट उजेड. आधण उकळायची वाट बघत उभी होते तेवढ्यात आवाज आला.

टक.

पाल असेल म्हटलं. मग पुन्हा, टक. थोडं थांबून, टक, टक. हा आवाज माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते चटकन आठवेना. कप घेऊन टेबलाशी आले तेव्हा नमुना सुरू झालेला होता. ठेंगूराव दुसऱ्या खोलीत होता. त्याने उडी मारली आणि बाबांच्या खोलीतून आवाज आला, टक.

ऑफिसात खेळताना आवाज बंद ठेवावा लागायचा, साहेबांची केबिन शेजारीच होती. म्हणून उडीचा आवाज बाबा स्वतः काढायचे, जीभ टाळ्याला लावून. पुढे घरी कॉम्प्युटर आला तरी सवय गेली नाही.

मी दारातून डोकावले. बाबा पाठमोरे, तोंड खिडकीकडे. डावा हात चादरीवर, तीन बोटं हलत होती. माझ्या टेबलापासून त्यांच्या पलंगापर्यंत मधे एक भिंत आणि एक कपाट आहे. तिथून त्यांना कॉम्प्युटरचा पडदा दिसणं शक्यच नव्हतं.

मागे वळले तर ठेंगूराव तिसऱ्या खोलीतल्या खड्ड्याच्या काठाशी पोचला होता. आता पडणार, म्हटलं. तो थांबला. पुढे घसरला, आणि मग एक पाऊल मागे आला. मागे येऊन त्याने उडी मारली आणि अलगद पलीकडे उतरला. टक.

एक पाऊल मागे येऊन मगच उडी. ही बाबांची रीत. ते घसरणं त्यांना सोसायचं नाही. "पाय पक्का रोवल्याशिवाय उडी मारू नये," हे मला खेळातच नाही, परीक्षेला जातानाही ऐकवलं जायचं.

चहा तसाच गार झाला.

४

मी काही भुतंखेतं मानणारी बाई नाही. फाइल उघडून पाहिली. नमुन्याचा आकार तोच, तारीख तीच, तीस वर्षांपूर्वीची. मग असं धरून चाललं की तो खड्ड्यात पडतो हे मीच कुठल्या दुसऱ्या खेळातलं आठवत होते. पण वहीत पहिल्या दिवशीचं टिपण माझ्याच अक्षरात होतं: तिसरी खोली, खड्डा, मेला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा पडदा तेवढा बंद केला आणि खेळ चालू ठेवला. टकटक चालूच राहिली. बाबांचं दार लावून घेतलं, तरी चालू. शेवटी कॉम्प्युटरच बंद केला. टकटक थांबली. मला हुश्श झालं, आणि तेवढ्यात आईची हाक आली. "अगं धाव, यांना श्वास लागलाय!"

बाबांचा हात चादरीवर चाचपडत होता. दिवे गेल्यावर काड्यापेटी शोधतात ना, तसा. मी उलट्या पावली पळाले आणि कॉम्प्युटर चालू केला. तो जुनाट डबा सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो. ती दोन मिनिटं मी शत्रूलाही देणार नाही. खेळ लागला, अर्धं मिनिट गेलं, ठेंगूराव चालू लागला आणि बाबांचा श्वास सुरळीत झाला.

"योगायोग," मी मोठ्याने म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं.

"कसला गं?"

"काही नाही."

त्यानंतर मी कॉम्प्युटर बंद केला नाही.

५

नमुना रोज पुढे जात होता. चौथ्या दिवशी चौथी खोली पुरी झाली. पाचव्या दिवशी सहावीपर्यंत. त्या संध्याकाळी बाबांनी पेज गिळली नाही, ओठाच्या कडेने सगळी बाहेर आली. डॉक्टर येऊन गेले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "दवाखान्यात हलवून काही मिळणार नाही. घरीच राहू द्या. आता दिवसांचा हिशेब."

दिवसांचा नव्हे, खोल्यांचा. हे मला त्याच क्षणी कळलं. बाबा एकेक दिवा मालवत दाराकडे चालले होते.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. नमुना चालू असताना कुठलंही बटण दाबलं की तो थांबतो आणि सगळं पहिल्यापासून येतं. सहाव्या दिवशी ठेंगूराव आठव्या खोलीच्या दाराशी पोचला आणि मी बटण दाबलं.

टकटक थांबली. मी बघायला गेले. बाबांचा चेहरा इकडे वळलेला होता. सात महिन्यांत पहिल्यांदा ते सरळ माझ्याकडे बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती नजर मी ओळखत होते. मी सात वर्षांची असताना एका रविवारी बाबा नवव्या खोलीत होते, आणि मी गंमत म्हणून मधेच बटण दाबलं होतं. ते ओरडले नाहीत. "चिमणे, मधे हात घालू नये गं," एवढंच म्हणाले आणि जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

"चुकलं बाबा," मी म्हणाले. पण परत टेबलाशी जाऊन बसले आणि दर वीस सेकंदांनी बटण दाबत राहिले.

६

दोन दिवस मी तसेच काढले. एका हाताने जेवायचं, दुसऱ्या हाताने बटण. पाय मोकळे करायचे तर वीस सेकंदांत परत. आंघोळीला गेले आणि रात्री डोळा लागला तेव्हा पुस्तकाचं ओझं कळफलकावर ठेवलं, पण त्याचा भरवसा वाटेना. संपादकांचा फोन आला. "आठवण नाही करून देत," त्यांनी सुरुवात केली. मी म्हटलं, "मग ठेवा." आजवर त्यांच्याशी असं बोलले नव्हते.

बटण नुसतं दाबून कंटाळा येतो म्हणून मी खेळत बसले. नवव्या खोलीत गेले, वरच्या फळीवर चढले, दिव्याखाली आले. बोटं दमली होती. थांबायला एक क्षण उशीर झाला, ठेंगूराव फळीच्या टोकापर्यंत घसरला आणि घसरता घसरताच मी उडीचं बटण दाबलं. तो दिव्याला लागला. म्हणजे जवळजवळ लागलाच, कारण मी घाबरून डाव मधेच सोडला.

ती घसरणच तो एक ठिपका देत होती. मी डावीकडे गुण म्हणून लिहिलेली घसरण, तीच. नकाशा चुकला नव्हता. बाबा वीस वर्षं एक पाऊल मागे येत होते, म्हणून पोचत नव्हते.

ही युक्ती मी वहीत लिहिली नाही. वही मिटली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसले, जशी काही ती भिंतीपलीकडून कुणी वाचणार होतं. मग धडपडून पुन्हा बटण दाबलं.

आठव्या दिवशी दुपारी आई शेंगांची परात घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

"दोन दिवस खेळत नाहीयेत हे," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण काय! तुझे बाबा. त्यांची टकटक मी ओळखत नाही होय? जन्म गेला ऐकण्यात. मला आपलं बरं वाटायचं. म्हटलं, मनातल्या मनात का होईना, रमलेत." तिने एक शेंग सोलली. "आता नुसती जीभ हलते, आवाज फुटत नाही. ओठ बघ कसे सुकलेत. रात्रंदिवस ताटकळल्यासारखे असतात."

"आई, ते खेळत राहिले तर..."

आईने परातीतून मान वर केली नाही. "तर जातील. मला काय कळत नाही? तुला वाटतं मी फक्त शेंगाच सोलते." मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "खेळू दे गं त्यांना. तू मधे हात घालू नकोस."

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. ती परात उचलून बाबांच्या खोलीत गेली होती.

७

चार वाजले होते. मी बाबांचं दार पूर्ण उघडलं, आत दिवसाही लावून ठेवलेला दिवा जळत होता. मी टेबलाशी बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. वीस सेकंद झाले. पंचवीस. तीस.

ठेंगूराव चालू लागला. टक.

खिडकीच्या पडद्यातून उन्हाचा एक पट्टा जमिनीवर आला होता, तो हलत नव्हता. बाहेर सायकलची घंटी वाजली आणि बराच वेळ वाजत राहिली, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. खोल्या एकामागून एक जात होत्या. पहिली, दुसरी. तिसऱ्या खोलीतला खड्डा, एक पाऊल मागे, टक. दिवे मालवत होते आणि माझ्या अवतीभवतीचा उजेडही कमी होतोय असा भास होत होता. आठव्या खोलीचं दार उघडलं तेव्हा माझी बोटं मांडीखाली वळवळली. मी ती दाबून धरली.

नवव्या खोलीत पाच दिवे त्याने झटपट मालवले. पाठच होती ती खोली. मग वरची फळी, आणि वर तो एकटा दिवा.

एक पाऊल मागे. टक. एका ठिपक्याने हुकला.

पुन्हा. टक. पुन्हा. टक. मी अकरापर्यंत मोजलं. आतून बाबांचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आलेल्या माणसासारखा. टक. आई काहीतरी पुटपुटत होती. टक. हे असंच चालू राहील, मला कळलं. ते थांबणार नाहीत आणि पोचणारही नाहीत. हुकतील, पुन्हा मागे येतील, पुन्हा हुकतील, आणि मी इथे बसून बघत राहीन. युक्ती तेवढी माझ्याकडे होती.

मला नव्हतं सांगायचं. खरं सांगते, अजिबात नव्हतं सांगायचं.

"बाबा," मी हाक मारली. "बाबा, मागे येऊ नका. नकाशा बरोबर आहे. टोकापर्यंत घसरा आणि घसरतानाच उडी मारा."

टकटक थांबली. ठेंगूराव फळीवर उभा राहिला, नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून. नमुन्यात तो असा कधी थांबत नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

मग तो धावला. टोकाशी पाय घसरले, तो पार कडेला गेला, आता पडतो असं वाटलं, आणि टक.

दिवा मालवला.

पडदा काळा झाला. खाली फक्त दाराची चौकट, आणि चौकटीत ठेंगूराव. तो आत जाणार तोच थांबला आणि वळला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. समोर वळला, माझ्याकडे. जे चित्र कुणी काढलेलंच नाही ते. चेहरा म्हणजे पाच-सहा ठिपके असतील नसतील. त्यात ओळखण्यासारखं काय असणार? पण मी खुर्चीतून उठून उभी राहिले, वडीलधारं माणूस निघालं की आपण उठतो तशी.

दार लागलं. आतल्या खोलीत भिंतीवरचं बटण खट् करून वाजलं.

"अगं," आईचा आवाज आला, अगदी हळू, "खोलीतला दिवा कुणी बंद केला?"

८

लेख महिनाभर उशिरा गेला. संपादक काही बोलले नाहीत, उलट भेटायला येऊन गेले. दोष कमी झाल्यामुळे उजवी बाजू मोकळी दिसते, एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, नवव्या खोलीचा दोष माझ्या मोजण्यातला होता, तो काढलाय. समोरून चित्र नाही, हाही काढलाय. मार्क मात्र दिले नाहीत. दहापैकी किती द्यायचे ते ठरेना.

कॉम्प्युटर मी अजून बंद केलेला नाही. अर्धं मिनिट गेलं की नमुना लागतो. पहिली खोली येते, सगळे दिवे लागलेले, फळ्या, शिड्या जिथल्या तिथे. ठेंगूराव नसतो. खोली तशीच रिकामी दिसत राहते आणि मग एक पाटी येते: पुढचे दोन भाग हवे असल्यास या पत्त्यावर लिहा.

मी पत्र लिहिलं. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं. ते टेबलाच्या कडेला पडून आहे. पुढे काय आहे ते मला बघायचंय. कधी कधी दुपारी इतकं बघायचं असतं की पाकीट हातात घेऊन मी दारापर्यंत जाते. मग चपला पायात घालताना जीभ आपोआप टाळ्याला लागते, आणि मी परत फिरते.

परवा आईने ते पाकीट उचलून पाहिलं. "टाकायचं राहिलंय का गं? मी निघालेच आहे, टाकू?"

मी तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"राहू दे," मी म्हटलं. "घाई कुणाला आहे?"